लल्ला तुदाचं सरपण आणि भार-अंदाज समिती

लाकूड जंगलात जड असतं आणि दुसऱ्याच्या गाडीत पडलं की हलकं होतं, हा निसर्गनियम आहे. आमच्या अ‍ॅटलस डोंगरातल्या गावाने तो शास्त्रशुद्ध पायावर उभा केला, आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण गावाच्या भार-अंदाज समितीचा चिटणीस मीच.

समिती नेमली हद्दूच्या पिकअपसाठी. गावात गाडी म्हणून ती एकच. (दारावर ‘आठशे किलो’ लिहिलंय. ‘पेक्षा जास्त नको’ हे गंजाने खाल्लं.) हद्दूची बायको इझ्झा हिचे दिवस भरत आले होते, आणि बर्फात तिला खालच्या दवाखान्यात न्यायला हीच गाडी. म्हणून म्हाताऱ्या विधवा लल्ला तुदाचं हिवाळ्याचं सरपण आणायचं ठरलं, तेव्हा हद्दू छातीवर हात ठेवून म्हणाला, मागच्या स्प्रिंगचे पाटे कुरकुरतायत, वजन तेवढं नीट बघा. आम्ही बघितलं.

पावभट्टीवाले सी बुअज्जा (‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘राव’) पीठ हातानेच तोलतात. त्यांनी एक ओंडका उचलून आठ किलो सांगितला. एकशेवीस ओंडक्यांचे झाले नऊशे साठ. पण ओक ओला होता, आणि ओलं लाकूड कोणी जाळत नाही. जाळायचं वाळल्यावर, तर वजनही वाळल्यावरचंच धरणं न्याय्य. ओंडक्यामागे पाच किलोने सहाशे भरले. म्हणजे दोनशे किलोची जागा फुकट चालली होती! आणखी चाळीस ओंडके चढवले.

“सी मिमून, लाकूड वाळेल पुढच्या उन्हाळ्यात,” हद्दू अध्यक्षांना, म्हणजे शाळामास्तरांना म्हणाला. “गाडी निघायचीय आत्ता.”

“तू गाडी चालव रे बाबा,” मास्तर मायेने म्हणाले. “गणित आमच्याकडे राहू दे.”

पुढे गाव लागलं. विधवेचं सरपण दारावरून जाताना प्रत्येक घराने त्यात एक लाकूड टाकायचं, ही आमची जुनी रीत. “एवढं एकच,” असं म्हणून टाकायचं. दिलेलं मोजलं तर बरकत जाते, म्हणून सत्तावीस घरांच्या सत्तावीस लाकडांचं वजन इतिवृत्तात शून्य आहे. देखरेखीसाठी समितीचे तिघे वर बसलो. (आम्ही आपापल्या पायांनी चढलो, सबब भारात गणना नाही.)

लल्ला तुदाच्या घराजवळच्या चढावर दोन्ही पाटे तुटले. समितीने तत्काळ उड्या टाकून भार सव्वादोनशे किलोंनी कमी केला, पण गाडीने दखल घेतली नाही. हद्दू चाकाखाली वाकून तुकडे गोळा करू लागला. चौकशीत चढ दोषी ठरला.

तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं आणि इझ्झाला कळा सुरू झाल्या. हद्दू आमच्याकडे आला नाही, हे मला लागलं. तो लल्ला तुदाकडे गेला. तिने खेचर काढलं, इझ्झाला वर बसवलं, आणि लगाम स्वतः धरून हद्दूला पायी चालायला लावलं. भट्टीपाशी सी बुअज्जा गव्हाची गोणी घेऊन उभेच होते. खाली जाताच आहात, तर गिरणीत एवढी एकच.

म्हातारीने गोणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“गाडी तुमची नव्हती, म्हणून तुमचा अंदाज चुकला,” ती म्हणाली. “खेचर माझं आहे.”

मुलगी झाली, सुखरूप. तिचं वजन दवाखान्यात खऱ्या काट्यावर केलं, आमचा सल्ला न घेता.

समितीचं काम मात्र थांबलेलं नाही. वाचकहो, तुमच्याही घरात किंवा कचेरीत कधी नाही न म्हणणारं एक माणूस असेलच. आज सकाळी “एवढं एकच” म्हणून तुम्ही त्याच्यावर जे टाकलंत, त्याचा तपशील आमच्याकडे पाठवा. आम्ही त्याचं वजन शून्य धरू.