दादासाहेबांचा स्वकष्टार्जित गुडघा

ज्या देशात म्हाताऱ्यांचे गुडघे फुकट बदलून मिळतात, तो देश सुधारलेला समजावा; आणि ज्या म्हाताऱ्याला तो गुडघा फुकटचा वाटत नाही, तो म्हातारा स्वाभिमानी समजावा. कॅनडातल्या हॅमिल्टनचे दादासाहेब या दुसऱ्या कसोटीला पुरेपूर उतरत.

एकाहत्तर साली ते पोलाद कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले. तेव्हापासून निवृत्तीपर्यंतची प्रत्येक पगारचिठ्ठी त्यांनी बिस्किटांच्या निळ्या डब्यांत जपली होती. पगारातून आरोग्यासाठी जे कापलं जाई, ते सरकार आपल्या नावाने मुदत ठेवीत टाकतं आणि म्हातारपणी त्याचे व्याजासकट गुडघे करून देतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. (मराठी माणसाला कापलेल्या पैशांची दुसरी कल्पनाच करता येत नाही.) २०१६ साली ऑपरेशनला जाताना पुरावा म्हणून त्यांनी एक डबा बरोबर नेला. काउंटरवरच्या बाईंनी थँक्यू म्हणून त्यात बिस्कीट शोधलं.

पुढे ठेव वसूल करण्याचं काम त्यांनी शिस्तीत चालवलं. वर्षभरात रक्ताच्या नऊ तपासण्या झाल्या. आठ वेळा काहीच निघालं नाही. नवव्यांदा किंचित अशक्तपणा निघाला, तो बहुधा आधीच्या आठांमुळे असावा.

त्यांच्या बेसमेंटमध्ये सुरुची भाड्याने राहत असे. कॉलेज संपवून ती वर्क परमिटवर होती. सकाळी एका ग्रोसरी स्टोअरमध्ये, संध्याकाळी एका बेकरीत. नवा गुडघा बर्फात न्यायचा नसल्यामुळे ड्राइव्हवेवरचा बर्फ तीच फावड्याने उपसत असे आणि दादासाहेब खिडकीतून राहिलेले कोपरे दाखवत. जानेवारीत असाच एक कोपरा गाठताना ती घसरली. मनगट टम्म सुजलं.

इमर्जन्सीत जा, इथे सगळं फुकट असतं, असं दादासाहेबांनी उदारपणे सांगितलं. सुरुची जागची हलली नाही. सोमवारपर्यंत हात बरा होईल का, एवढंच तिने विचारलं, कारण शिफ्ट चुकली की तास दुसऱ्याला जात.

"काका, फुकट हेल्थ कार्डवाल्यांना. मला ते कार्ड नाहीये. एकाच ठिकाणी फुल-टाइम जॉब असेल तरच अप्लाय करता येतं. माझे दोन पार्ट-टाइम आहेत."

"मग टॅक्स?"

"तो दोन्हीकडे कापतात."

दादासाहेबांना भरून आलं. त्यांनी तिला क्लिनिकमध्ये नेलं आणि एक्स-रेचे पैसे स्वतः भरले. हाडाला केसाएवढी चीर निघाली. परतताना त्यांच्या मनाच्या मोठेपणाला गाडीत जागा पुरेना. घरी आल्यावर त्यांनी सुरुचीची पगारचिठ्ठी मागून घेतली आणि डब्यातल्या आपल्या जुन्या चिठ्ठीशेजारी ठेवली. त्यांच्या पत्नी अरुणाताई, स्कूल बोर्डात तीस वर्षं पगारपत्रकं केलेल्या, चहा गाळता गाळता म्हणाल्या, "अहो, तुमचे पैसे तेव्हाच्या म्हाताऱ्यांवर केव्हाच खर्च झाले. तुमचा गुडघा हिच्यासारख्यांच्या पगारातून आलाय."

दादासाहेब रात्रभर त्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. तो प्रथमच परका वाटला. त्यांना लाज वाटली, अगदी खरी, आणि ती सकाळी नाश्त्यापर्यंत टिकली.

संक्रांतीला तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी, एका गरजू मुलीच्या उपचारांचा खर्च उचलल्याबद्दल, दादासाहेबांचा शाल देऊन सत्कार केला. गुडघ्याचं खरं सांगून टाकावं म्हणून ते कुणाचाही आधार न घेता उठले. एवढ्या सहज उठल्याबद्दलच टाळ्यांचा कडकडाट झाला, मग बोलायचं राहून गेलं. सभागृहात टाळी न वाजवणारी एकटी सुरुची होती. तिचा हात पट्ट्यात होता.

क्लिनिकमध्ये पैसे भरले तेव्हा वाचकांनीही मनातल्या मनात टाळी वाजवली असेलच. त्यांनी आता एवढंच आठवावं, की आज सकाळी आपल्या घरची भांडी कोणी घासली, आणि तिचं मनगट कसं आहे.