सालोमन मिस्त्रीचं धुराचं पोळं

सालोमन मिस्त्री माणसाला रामराम करण्याआधी त्याच्या गाडीच्या मागे जाऊन वाकायचा. सायलेन्सरच्या तोंडाशी नाक न्यायचा, डोळे मिटायचा आणि अत्तराचा फाया हुंगावा तसा धूर हुंगायचा. मग उठून निकाल. "घरात भांडणं हायत काय? गाडी लय जळतेय." मालक चिडला की म्हणायचा, "इंजिनाचं पाप नळीत दिसतं, शेठ. मी काय करू?"

त्याचं गॅरेज अष्टमीत. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की लगेच. मी पेणचा. जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या, हा माझा धंदा. तो मला बापाने दिलेला नाही. हमरापूरच्या गणपतींचे टेम्पो भरत भरत मी इथवर आलो. म्हणून मला कोणी फिरवलेलं खपत नाही. आणि सालोमनने मला जेवढं फिरवलं तेवढं सरकारी कचेऱ्यांनीही फिरवलं नसेल.

झालं असं, की माझ्याकडे एक म्हातारी विलायती मोटार आली. मुंबईच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला हवी होती. सौदा ठरल्यात जमा. अडचण एकच. पीयूसीचा कागद तेव्हा नवानवा सक्तीचा झाला होता, आणि या बाईचा धूर मागून कमी, गाडीच्या आतच जास्त निघायचा. इंजिनाचा धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारा बिडाचा पंजा असतो, मॅनिफोल्ड, त्याला भेग गेली होती. मी सालोमनला म्हटलं, "भेग सांध आणि गाडी दे."

"देतो," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला गेलो तर मॅनिफोल्ड कापून बाकावर ठेवलेला. शेजारी पत्र्याचा एक फुगीर डबा. वडखळच्या वळणावर ठोकलेल्या कोऱ्या गाडीतून त्याने तो पैदा केला होता. मुंबईत नव्या गाड्यांना कारखान्यातूनच असा डबा लागून यायला सुरुवात झाली होती. धूर त्यातून गाळून बाहेर पडतो म्हणे. सालोमनने मला आत बघायला लावलं. आत बारीक जाळी, थेट मधमाशांच्या पोळ्यासारखी.

"हे पोळं म्हातारीला बसवतो."

"तुला सांगितलं कोणी? कायदा नव्या गाड्यांना आहे!"

"कायदा नव्यांना हाय, शेठ. छाती सगळ्यांना हाय."

नव्या जमान्याचा डबा आणि जुन्या जमान्याचा पंजा. एकाचं तोंड दुसऱ्याला लागेना. पंजाची नळी खाली वळवावी तर स्टिअरिंगचा दांडा आड यायचा, मागे वळवावी तर डबा जमिनीला टेकायचा. सालोमन कापायचा, जोडायचा, लावून बघायचा, पुन्हा उतरवायचा. बीड जोडणं म्हणजे पापड तळण्याइतकं नाजूक काम. जोड लवकर निवला की तडकतो. म्हणून तो तापलेला मॅनिफोल्ड भाताच्या तुसाच्या गरम राखेत पुरून ठेवायचा, वर गोणपाट घालायचा आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसा बसून राहायचा. त्याची पक्की समजूत होती की शेजारी कोणी मोठ्याने बोललं तरी जोडाला तडा जातो.

मी तावातावाने आत शिरायचो. तो ओठावर बोट ठेवायचा. "हळू. निवतोय."

"अरे माझं गिऱ्हाईक—"

"हळू! बीड रागीट असतं, शेठ. तुमच्यासारखंच."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुजबुजत भांडलो. कुजबुजत दिलेल्या शिवीत काही दम नसतो. घरी परत येईपर्यंत माझं डोकं दुखायचं.

अखेर पोळं बसलं. मी चावीला हात घातला तर तो आडवा झाला. शिशाचं पेट्रोल प्यायलं की पोळं मरतं, आणि पेण-रोह्याला तेव्हा दुसरं पेट्रोल मिळतच नव्हतं. यावर त्याने उपाय काढला होता. हमरापूरचे टेम्पो गणपती घेऊन मुंबईला जात, ते परतताना त्याच्यासाठी बिनशिशाच्या पेट्रोलचे कॅन आणत. माझेच जुने टेम्पोवाले! टाकीच्या झाकणाला त्याने कुलूप घातलं होतं. चावी त्याच्या गळ्यात.

"गाडी तयार आहे ना?" मी विचारलं.

"नाय. ट्रायल चाललीय."

ट्रायल चाललीय, ट्रायल चाललीय. या ट्रायलपायी हॉटेलवाला कंटाळला आणि त्याने दुसऱ्याची गाडी घेतली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग एका शुक्रवारी उन्हं कलताना मी वडखळ नाक्यावर चहा पीत उभा होतो आणि समोरून माझी म्हातारी गेली. आवाज नाही, धूर नाही. सालोमन चालवत होता. मागे काळी गोल टोपी घातलेला, हाडं उरलेला एक म्हातारा राजासारखा बसलेला. काचा बंद. म्हणजे माझ्या गाडीची टॅक्सी केली याने! मी चहा टाकला, स्कूटरला लाथ मारली आणि नागोठण्यावरून धूळ खात त्यांच्या मागे अष्टमीला पोचलो.

गाडी इस्रायली लोकांच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, मशिदीपुढे उभी होती. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला ते लोक मशीदच म्हणतात. सालोमन म्हाताऱ्याला हाताला धरून पायऱ्या चढवत होता. दारात काही माणसं वाट बघत होती.

"मिस्त्री!" मी ओरडलो. इथे राख नव्हती.

म्हाताऱ्याला आत पोचवून तो खाली आला. "शेठ, बोला. पण लवकर बोला, सूर्य जातोय. बुडाला की शब्बाथची प्रार्थना सुरू."

"गाडी कोणाची आहे?"

"तुमची."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाय म्हटलं असतं. म्हणून नाय विचारलं."

मग त्यानेच सांगितलं. दहा पुरुष भरल्याशिवाय त्यांची पुरी प्रार्थना होत नाही. पूर्वी दाटी व्हायची. मग एकेक घर इस्रायलला गेलं. सालोमनचे भाऊ गेले, मुलगी गेली. राहिले नऊ. दहावे हे अबाजी, पेणच्या पलीकडच्या जिते गावचे. छाती पार गेलेली. "यष्टीने आणत होतो. एकदा नागोठण्याला धुराने गुदमरले. रस्त्याच्या कडेला बसवलं, पाणी पाजलं. म्हणाले, सालोमन, आता माझ्याबिगर करा." त्याने हात फडक्याला पुसले. "त्यांच्याबिगर कसं करणार? नऊ जणांचं होतच नाय ना."

"तू का नाही गेलास मुलीकडे?"

"मी गेलो तर मग आठ, शेठ."

आतून कोणीतरी हाक मारली, तो पळत वर गेला. मी पायरीवर बसून राहिलो. सौदा गेल्याचा राग काही गेला नव्हता. तो आजही गेलेला नाही. पण त्या राखेचा परिणाम असेल, मी पुढे ओरडलो नाही.

त्यानंतरही मी अधूनमधून जायचो, "तयार झाली का?" विचारायचो, तो "नाय" म्हणायचा. मला उत्तर ठाऊक असायचं. तरी विचारायचो, नाहीतर त्याला वाटलं असतं, शेठने गाडीवर पाणी सोडलं.

एका सकाळी सालोमन आपण होऊन पेणला आला. गाडी माझ्या अंगणात लावली, काच पुसली आणि दोन्ही चाव्या माझ्या हातावर ठेवल्या.

"तयार झाली, शेठ."

इतके महिने ज्या शब्दासाठी मी भांडलो तो शब्द ऐकून मला धडकी भरली.

"अबाजी?"

"मातीला जाऊन आलो काल." तो बॉनेटकडे बघत होता. "मातीलाबी दहा लागतात. नऊच होतो."

मी गाडीला एक फेरी मारली. गिऱ्हाईक मारतं तशी. दारं उघडली, लावली. हॉर्न दाबला. चांगला खणखणीत वाजला.

"हॉर्न बसलाय," मी म्हणालो. "घेऊन जा परत."

"हॉर्न ठीक हाय, शेठ."

"गाडी कोणाची आहे? मी सांगतोय ना, बसलाय. नीट कर. घाई नाही."

त्याने चाव्या घेतल्या आणि तो गाडीत बसला. इंजिन चालू झालेलं मला ऐकूही आलं नाही. फाटकातून बाहेर पडताना त्याने रोह्याकडे वळायचं सोडून सवयीने जित्याच्या बाजूला चाक फिरवलं. थोडं पुढे जाऊन गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. सालोमनला वळायला बराच वेळ लागला.