शेवटच्या बाकावरील स्वारी

वाचणारांस सुख असो. प्राणिशास्त्र विभागी, दुसरे मजल्यावर, जिन्यालगतचे खोलीतून जी मोहीम निघाली, तिची हकीकत घडली तैशी लिहिली. पदरचे घातले नाही, आणि जेथे घड्याळ पाहिले तेथे वेळही नमूद केली.

त्या खोलीत पीएचडीचे तीन सरदार मुक्काम करोन असत. मुख्य मुंगीबाई. नाव निराळे, परंतु सात वर्षे मुंग्यांचे मुलखात राहोन, कोणती मुंगी कोणते वाटेने गेली याचे दफ्तर ठेविले, तेणेकरोन हाच किताब कायम जाहला. दुसरे तळटीपराव, चहा कडू जाहला म्हणताना आधारही देत. तिसरे आकडेशास्त्री, कोणी बरा आहेस का पुसिले असता "किती जणांच्या तुलनेत?" म्हणत.

बाईंचा मनसुबा, अध्यापकाची गादी मिळवावी. त्यास निवड समितीपुढे दहा मिनिटांचा पाठ द्यावा आणि समितीने विद्यार्थ्यांप्रमाणे बाकांवर बसोन ऐकावा, ऐसा रिवाज. पूर्वी दोन स्वाऱ्या जाहल्या, दोहींत शिकस्त. पहिलीत अभ्यासाच्या मर्यादा सांगता सांगता वेळ सरला आणि मुंगी वारुळाबाहेर पडलीच नाही. दुसरीत चौसष्ट स्लाइडांचा तोफखाना नेला, तो सतराव्या स्लाइडवर थंडावला. समितीचा शेरा आला की, ज्ञान उदंड, वर्गास कळले शून्य.

आता तिसरी स्वारी. महिनाअखेर वसतिगृह रिकामे करावे ऐसा हुकूम सुटलेला, मग गादी मिळावी अथवा सामान बांधोन घरी जावे, तिसरी वाट नाही. त्यात मातोश्रींचा फोन रोज येई.

"अगं, तुझं शिकणं संपणार तरी कधी?"

"आई, संपलं. आता शिकवायचंय."

"मग शिकव की! अडवलंय कोणी?"

बाईंनी फोन ठेविला आणि दोघां सरदारांस हाक मारिली.

मग तिघांनी मसलत केली की, रोज दुपारी तीन वाजता रिकाम्या वर्गात कवायत करावी. आकडेशास्त्री यांनी पहिले बाकावरचे पोर होऊन "हे परीक्षेला येणार का?" इतकेच पुसावे, आणि तळटीपरावांनी शेवटचे बाकावर झोपावे. परंतु जित्याची खोड! आकडेशास्त्री उठोन "मुंग्या किती? निवडल्या कशा?" म्हणते जाहले, आणि तळटीपरावांनी मिटल्या डोळ्यांनी हात वर केला, "प्रश्न नाही, एक छोटीशी टिप्पणी आहे," आणि ती टिप्पणी अकरा मिनिटे चालली. पाठ दहाचा होता.

"अरे, तू झोपलायस ना?" बाई कडाडल्या. "झोपलेला माणूस टिप्पणी करतो का?"

"करतो. त्यावर लेख आहे. पाठवू?"

बाईंनी डस्टर फेकोन मारिला. मग बंदोबस्त ऐसा ठरला की, तोफखाना मोडावा, एक खडू ठेवावा, मर्यादा हा शब्द तोंडातून काढू नये, आणि कोणी झोपल्यास बाकांमधून चालत जाऊन बाकावर दोन थापा मारोन फर्मावावे, "ऊठ रे! तोंड धुऊन ये, आणि मुंगी कुठवर पोचली ते सांग." ही कवायत चार दिवस जाहली. चौथे दिवशी तळटीपराव खरेच झोपले, थापा खाऊन उठले, तोंड धुतले आणि "साखरेपाशी" म्हणाले. आधार दिला नाही. बाईंस हिंमत आली.

मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी रण माजले. दोन तज्ज्ञ पहिले बाकावर. अध्यक्षसाहेब सकाळपासून नऊ उमेदवारांच्या स्लाइडा सोसोन थकले, म्हणोन शेवटचे बाकावर पंख्याखाली गेले, आणि तिसरे मिनिटास त्यांचे डोळे मिटले. बाई फळ्यावर साखरेकडे निघालेली मुंग्यांची रांग काढीत होत्या. पाचवे मिनिटास त्यांची नजर मागे गेली आणि पाय सवयीने चालू लागले, मग हात सवयीने उठला, मग बाकावर दोन थापा पडल्या आणि तेच फर्मान सुटले, "रे"सकट.

तज्ज्ञांनी लेखण्या खाली ठेविल्या. समोर कोण, हे बाईंस तेव्हा उमगले. सात वर्षे, वसतिगृह आणि आई एकदम आठवली. माफी मागावी तरी पाठ बुडतो, न मागावी तरी गादी बुडते.

अध्यक्षसाहेब उठले आणि बाहेर गेले. नळाचा आवाज आला. बाई फळ्याकडे वळल्या आणि मुंगी पुढे चालविली.

आठवे मिनिटास अध्यक्षसाहेब परतले, मिशांतून पाणी ठिबकत होते, आणि बाकाशी उभे राहोन बोलिले, "साखरेपाशी पोचली असेल, बाई. पण पहिलीला साखर सापडली कशी? तिच्यापुढं तर रांगच नव्हती."

"भटकत, सर. चुकत चुकत. परत येताना तिनं वास सोडला, म्हणून बाकीच्यांना वाट झाली."

घंटा वाजली. अध्यक्षसाहेब बसले, मग पुन्हा हात वर केला. "हे परीक्षेला येणार का?"

चार वाजून दहा मिनिटांनी नेमणुकीची सनद लागली, खाली शेरा की, वर्ग जागा राहिला. बाईंनी फोन लाविला.

"आई, शिकवतेय."

"बघ! अडवलं का कोणी?"

ऐसी फत्ते जाहली. खर्ची पडला खडू एक; हस्तगत जाहला बाक एक; शत्रूकडील हानी, डुलकी एक. तळटीपरावांनी या हकीकतीस आधार मागितला आहे. बाक अद्याप ओला आहे, जाऊन पाहावा.