जवळ म्हणजे किती?

जिल्हा सरकारी वकील तायडे मॅडम यांच्या पर्समध्ये कंगवा नसायचा. पन्नास फुटांचा गवंड्याचा टेप असायचा.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर मी हौसेनं छापलं होतं, 'मंगल कार्यालय बसस्टँडच्या जवळ.' पत्रिका हातात पडताच बाईंनी विचारलं, "राऊतभाऊ, जवळ म्हणजे किती?" मी म्हटलं, असेल पाच मिनिटांवर. "कोणाची पाच मिनिटं? तुमची का माझी?" लग्नाच्या दिवशी त्या घामाघूम होऊन आल्या आणि अक्षता हातात घ्यायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अकराशे पावलं. पत्रिका खोटी आहे." मग पोटभर जेवल्या.

मी पोलीस खात्यात पैरवी हवालदार होतो. साक्षीदारांना समन्स पोचवायचं, तारखेला कोर्टात हजर ठेवायचं, हे माझं काम. नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी बुलढाण्याच्या कोर्टात तायडे मॅडमच्या हाताखाली काढली. लोकांना वाटतं, सरकारी वकील म्हणजे आरोपीला आत टाकणारा माणूस. बाईंच्या टेबलावर जिल्हाभरातले खून, दरोडे, हाणामाऱ्या येऊन पडायच्या. कुठल्या जामिनाला विरोध करायचा, कुठल्या तपासात भोक आहे, कोणता खटला कोणत्या सहायक वकिलाला द्यायचा, सगळं त्याच ठरवायच्या. आणि प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून वाचायच्या, डॉक्टरांच्या अक्षरासकट. तसलं अक्षर वाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

साक्षीदारांना त्या स्वतः तयार करायच्या. म्हणजे शिकवायच्या नाहीत. समोर बसवायच्या, चहा आणि दोन बिस्किटं द्यायच्या आणि सांगायच्या, "जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणायचं. लाजायचं नाही." लोणारकडच्या एका म्हाताऱ्यानं हे इतकं मनावर घेतलं, की पिंजऱ्यात उभं राहिल्यावर जज्जसाहेबांनी नाव विचारलं तर तो म्हणाला, "मायीत नाही." साहेबांनी वडिलांचं नाव विचारलं. "तेही मायीत नाही." सगळं कोर्ट हसलं. मॅडम मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "साक्षीदार प्रामाणिक आहे, साहेब. जरा जास्त."

मोताळ्याकडच्या एका गावची ती केस आली तेव्हा मॅडमना या पदावर येऊन चार वर्षं झाली होती. शिवदास नावाचा शेतकरी विहिरीजवळ डोकं फुटलेला सापडला होता. जीव वाचला, पण काय झालं ते त्याला आठवत नव्हतं. त्याचे चुलते ज्ञानदेवकाका यांनी जबाब दिला, की शेजारच्या समाधाननं काठी घातली आणि ते आपण घराच्या स्लॅबवरून डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही घरांचं बांधावरून जुनं वाकडं होतंच. समाधान पाच महिने तुरुंगात होता.

कागद वाचता वाचता मॅडम एका पानावर थांबल्या. दवाखान्याचं पहिलं पान. शिवदासला उचलून आणणाऱ्या माणसानं तिथं सांगितलेलं डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं: 'विहिरीत उतरताना पायरीवरून पडला.' त्या माणसाला पोलिसांनी पुढे काही विचारलंच नव्हतं.

"राऊतभाऊ, उद्या गावाला जाऊ," त्या म्हणाल्या.

आम्ही एसटीनं राजूर घाट उतरून गेलो. मॅडमनी आधी विहिरीपासून घरापर्यंत टेप टाकत नेला. चार वेळा टेप लागला आणि वर काही फूट उरले. गावातली कुत्री आणि निम्मं गाव आमच्यामागे. मग त्या काकांना घेऊन स्लॅबवर चढल्या. मला आधीच कानात सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे मी काकांच्या थोरल्या मुलाला, दोन लेकरांच्या बापाला, विहिरीजवळ उभं केलं आणि स्वतः गोठ्यामागे थांबलो. मी त्या दिवशी वर्दीत नव्हतो, दोघांच्याही अंगात पांढरे सदरे.

"काका, विहिरीपाशी कोण उभा हाय?" वरून मॅडमचा आवाज आला.

"तुमचे हवालदार."

"नीट पाहा. घाई नाही."

"हवालदारच हाय. मले काय दिसत नाही का?"

मी गोठ्यामागून बाहेर आलो आणि स्लॅबखाली उभा राहून वर नमस्कार केला. तिकडून त्यांचा मुलगा चालत आला. काकांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग स्लॅबवरच खाली बसले.

"म्या पाह्यलं नाही, बाई," ते म्हणाले. "मले वाटलं, त्यानंच केलं असंल. त्याच्याबिगर कोण करंल?"

मॅडम त्यांच्याशेजारी बसल्या. "वाटलं तर वाटलं म्हणायचं होतं ना, काका."

पुढचं सोपं नव्हतं. मॅडमनी फेरतपास करायला लावला. शिवदासला दवाखान्यात नेणारा माणूस सापडला, त्यानं पडल्याचंच सांगितलं. मग मॅडमनी खटला मागे घेण्याचा अर्ज कोर्टात दिला. तपास अधिकारी माझ्याकडं बघून कुरकुरले, "तुमची मॅडम आमची हाय का तिकडची?" जज्जसाहेबांनी अर्ज वाचला, तीन प्रश्न विचारले आणि मंजूर केला. समाधान हात जोडायचे विसरून सरळ दाराकडं निघाला, तर पोलिसानं त्याला सही करायला परत आणलं. त्याची बायको हसत आणि रडत होती, दोन्ही एकदम.

व्हरांड्यात शिवदासची आई कौसाबाई उभी होती. तिनं मॅडमची वाट अडवली.

"माह्या लेकाचं डोस्कं फुटलं अन् तू म्हणतं कोणीच फोडलं नाही? तू सरकारची का त्याची वं?"

"सरकारची, मावशी. पण सरकार दोघायचं असते."

"माह्यं काऊन नाही मग?"

म्हातारी बोलत राहिली आणि मॅडम फाइल छातीशी धरून ऐकत उभ्या राहिल्या. पुढच्या केसचा पुकारा झाला तेव्हा आत गेल्या.

त्यानंतर रविवारी मॅडम घरी नसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "सरकारी काम आहे." एका रविवारी मलाही बरोबर चला म्हणाल्या. बसमध्ये कळलं, की त्या पहिल्यांदा दवाखान्याचा तो कागद कौसाबाईला वाचून दाखवायला गेल्या होत्या. तिनं दारच उघडलं नाही. दुसऱ्या खेपेला पाणी दिलं. तिसऱ्या खेपेला कागद ऐकून घेतला आणि म्हणाली, पडला असंल बापा, लहानपणापासून धांदरटच हाय. निघताना मॅडमच्या केसांकडं पाहून तिनं बजावलं, की पुढच्या रविवारी तेल लावून घ्यायला ये.

आम्ही पोचलो तर कौसाबाई ओसरीवर तेलाची वाटी घेऊन बसली होती. "आली का? बस," एवढंच म्हणाली. जिच्यासमोर निम्मा जिल्हा चळचळा कापतो ती बाई निमूटपणे तिच्यापुढं खाली बसली आणि अंबाडा सोडला.

"किती कोरडे झाले केस," म्हातारी चोळता चोळता म्हणाली. "घरी कोणी हाय का नाही तुले?"

"होती माय. गेली मागच्या वर्षी. तीच लावून द्यायची."

मला हे माहीत नव्हतं. त्यांची आई मेहकरला असते एवढंच ठाऊक होतं. म्हणजे ती गेली तेव्हाच त्यांनी एका दिवसाची रजा टाकली होती आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं होतं. तो अर्ज कलेक्टरसाहेबांकडं मीच नेऊन दिला होता.

कौसाबाईनं आणखी काही विचारलं नाही. बोटं चालत राहिली. थोड्या वेळानं मॅडमना डुलकी लागून डोकं बाजूला झुकलं, तर तिनं ते हळूच आपल्या गुडघ्यावर टेकवून घेतली आणि मला हातानं खूण केली, की बस चुकली तर चुकू दे.