लाल खडूतला बैल

मुलाच्या कच्च्या चित्राला पालकाने हात लावू नये, असा स्पष्ट इशारा कॅरलने मला दिला होता. कॅरल वसईची, माझ्या मुलीच्या, इशिताच्या शाळेत चित्रकला शिकवते. तिला स्वतःचं मूल नाही, त्यामुळे तिचं मत मी 'अनुभवशून्य' या सदरात टाकलं.

शाळेच्या परिपत्रकानुसार तिसरीच्या मुलांनी एका जुन्या स्पॅनिश छापचित्राच्या कच्च्या रेखाटनाची लाल खडूने नक्कल करायची होती. विषय : घोड्यावरून बैलाला भाला मारणारा स्वार. (आठ वर्षांच्या मुलांना याहून जिव्हाळ्याचं काय असणार?) चित्र छापण्याआधी मोठा चित्रकारही किती खाडाखोड करतो हे मुलांना दिसावं, चुकण्याची भीती जावी, असा उदात्त हेतू.

भीती घालवण्याचं काम दुबईत, अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये युद्धपातळीवर सुरू झालं. पालकांच्या ग्रुपवर चार दिवसांत ३१२ मेसेज. त्यांतले २०७ घोड्याच्या मागच्या पायाबद्दल, कारण मूळ चित्रकाराने तो एकदा चुकवून पुन्हा काढला होता. चूक नेमकी किती मिलिमीटरची करायची, यावर एकमत होईना. मुग्धाने विचारलं, "बैल हसरा चालेल का? आम्ही प्युअर व्हेज आहोत."

इशिताने तोवर स्वतःच काढून टाकलं होतं. बैल कागदभर, स्वार माशीएवढा, घोड्याचे डोळे मिटलेले. हे भिंतीवर लागणार आणि वर्ग हिला हसणार, या विचाराने मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"अगं, डोळे उघडे हवेत."

"बट ही इज स्केअर्ड, मम्मा."

"यल्ला, चल, खोडरबर दे. मी फक्त डोळे करते."

मी फक्त डोळे केले. मग डोळ्यांना शोभेल असं तोंड, तोंडाला शोभेल असा घोडा. बैल ओघानेच आला.

प्रदर्शनात अठ्ठावीस चित्रं लागली. आयांची एकोणीस, बाबांची आठ, मुलाचं एक. (ऑस्करच्या घरी त्या आठवड्यात पाहुणे होते.) 'बालसुलभ रेषे'चं बक्षीस शैलेंद्र यांना मिळालं. वय एक्केचाळीस, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन. डाव्या हाताने काढलं होतं म्हणे. ऑस्करच्या चित्रापुढे आम्ही सगळे हळहळलो, मेहनत दिसत नव्हती.

कॅरलने माझ्या घोड्याकडे बराच वेळ पाहिलं. "सुंदर. आता इशिताचं दाखव."

काल इशितापुढे कोरा कागद ठेवला. "काढ ना, तुझ्या मनातलं काहीही."

"यू डू इट, मम्मा. आय विल राइट माय नेम."

नाव तिने फार सुबक लिहिलं. कागदावर तेवढंच आहे.

तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, हसा. पण तुमच्या आतल्या खोलीतून बराच वेळ आवाज आलेला नाही. जरा जाऊन बघता का, तुमचं पोर काय करतंय? आणि हो, हातातली ती पेन्सिल इथेच ठेवून जा.