पाटावरचा प्रोसेसर

निकिताचं लग्न झालं त्या सालच्या दसऱ्याची ही गोष्ट. तिचा थोरला भाऊ गोपाळ जिंतुरात सुटे भाग आणून स्वतःच्या नावाचे कॉम्प्युटर जोडून विकायचा. पोखर्णीकडच्या एका शाळेचे अध्यक्ष दत्तराव त्या दिवशी मुहूर्तावर मशीन पाहायला येणार होते. ऑर्डर मिळाली तर दुकान वाढणार, नाहीतर निकिताच्या नवऱ्याच्या रसवंतीवर ऊस पिळायला जायची वेळ.

म्हणून गोपाळनं धोरणच बदललं होतं. आजवर तो जुन्या पिढीचा स्वस्त प्रोसेसर घालायचा. आता सगळ्यात ताकदवान नवा घालायचा. नमुन्याच्या मशीनमधला जुना काढून त्यानं कपाटात ठेवला. नवा मात्र आंघोळ करून शुभ हातानं बसवावा म्हणून डबीत ठेवून तो अंगणातल्या नळावर गेला. आई सुमनबाई मोरीत पूजेची भांडी घासत होत्या.

परत येतो तर डबी रिकामी! देवघरासमोर पाटावर पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि मधोमध तांदळाच्या राशीवर प्रोसेसर. हळदी-कुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल.

"माय, हे काय केलंस?"

"काय म्हंजे? मशीनचं समदं डोकं ह्यातच असतंय, तूच म्हनतोस न्हवं? मंग पयला मान त्याचा."

"उचलू दे. दत्तरावकाका यायलेत."

"हात तर लावून बघ! पूजेला बसलेलं हत्यार सोनं लुटल्याबिगर उठत न्हाई. तुझ्या बापानं दसऱ्याला कधी औताला हात लावला का?"

तेवढ्यात दत्तराव घामाघूम होऊन दारात. गोपाळनं चाचरत सगळा मामला सांगितला.

"त्यात काय!" दत्तराव म्हणाले. "माझी जीपबी पूजेला बसलीय. एसटीत उभा राहून आलो. थांबतो की संध्याकाळपस्तोर. वैनी, पुरणपोळी असंल ना?"

पोळ्या झाल्या, दुपार कलली, गोपाळ बोलतच राहिला. नवा प्रोसेसर किती चपळ, एका वेळी किती कामं उरकतो. पुढं परभणीत दुकान, मग नांदेडात. दत्तराव डुलक्या घेत होते. त्यांची मान हलली की गोपाळला आणखी जोर चढायचा.

आपट्याची पानं वाटून झाली तेव्हा सुमनबाईंनी परवानगी दिली. गोपाळनं फूल काढलं, कुंकू पुसलं आणि प्रोसेसर उलटा केला. खालचे केसासारखे बारीक सोनेरी काटे गारपिटीतल्या गव्हासारखे आडवे झाले होते.

"माय, ह्याला काय केलंस गं?"

"पितळंचं वाटलं. जरा कळकटलं होतं, म्हून देव घासते तसं चिंच लावून घासलं. कसं लखलखायलंय बघ!"

गोपाळनं कपाटातला जुना प्रोसेसर बसवला. मशीन चालू झालं. दत्तरावांनी एका बोटानं शाळेचं नाव टाइप केलं आणि हरखले.

"दिवसभर सांगायलास ते खोटं न्हाई. लय चपळ हाय!"

"काका, हा जुनाच हाय. स्वस्तातला. नवा तो... घासला गेला."

दत्तराव विचारात पडले. "आमच्या शाळंतबी दसऱ्याला पूजा असती. अन् आमची शिपाईण सरजाबाई घासण्यात वैनीच्या वरताण. महागाचं नगं बाबा. समद्यांत हाच घाल."

"बघ, पूजा पावली," सुमनबाई म्हणाल्या.

गोपाळचं दुकान आता परभणीतही आहे. नवा प्रोसेसर मात्र त्याच दसऱ्याला, सकाळी आंघोळीच्या वेळेला, घरच्या मोरीत वारला. बाकी सगळे सुखरूप आहेत.