थोरल्या बाईसाहेबांनी स्वतःचाच लेख सर केला, त्या मोहिमेची हकीकत

श्रीमंत वाचकांचे सेवेशी अल्पमति लेखकाने हात जोडून विज्ञापना ऐसी जे: आपली आज्ञा जाहली की विद्वानांच्या राज्यात नुकतीच जी मोहीम घडली, तीत कोण लढले, कोण हटले आणि कोणी नुसताच चहा घेतला, ते साद्यंत लिहून पाठवणे. त्यावरून जे डोळ्यांनी पाहिले आणि जे कॅन्टीनात खात्रीलायक ऐकिले, ते तिखटमीठ न लावता लिहितो. कोठे लागलेच, तर ते आपसूक लागले ऐसे समजावे.

त्यास, दोघी बहिणी होत्या. थोरली विद्यापीठात संशोधक. दोन पदव्या, तीन चष्मे आणि खिडकी न उघडणारी एक खोली इतकीच तिची जहागीर. धाकटी इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डाची मुख्य परिचारिका. या वॉर्डाची चाल पूर्वापार ऐसी की बाळ जन्मले की तासाच्या आत त्यास आंघोळ घालावी, आणि मग ते गार पडावे, आणि मग धाकटीचा जीव टांगणीला लागावा. तिने दोन वर्षे बाळांच्या अंगाचे तापमान तासातासाला मोजून वह्या भरिल्या, आणि थोरलीने त्या आकड्यांची मांडणी करून दाखविले की पहिली आंघोळ एक दिवस पुढे ढकलली तर बाळ ऊबदार राहते, आणि त्याचा अकरा पानी लेख एका बड्या मासिकात छापून आला. आईने तर शेजारीपाजारी फोन करकरून लोकांस हैराण केले.

मग सोमवारी दोन प्रहरी धाकट्या बाईसाहेबांचा फोन आला.

"ताई, तुझा तो लेख पाठव गं. शुक्रवारी अकराला मीटिंग आहे. आंघोळ पुढे ढकलायची की नाही ते ठरणार."

"मी टाइप केलेला पाठवला होता ना तुला?"

"तो दाखवला. मोठे डॉक्टर म्हणाले, हे घरचं टायपिंग आहे. मासिकाच्या नावासकट छापलेलं आणा, नाहीतर पुढची मीटिंग सहा महिन्यांनी. सहा महिने मी बाळं गार पडताना बघत बसू का?"

"अगं, आत्ता पाठवते. माझाच तर लेख आहे," ऐसे थोरली बोलून गेली, आणि तेथेच घात जाहला.

विद्वानांची रीत ऐसी की लेख छापून आला की त्याची लिंक साऱ्या जगास कळवावी, आणि लेख स्वतः उतरवून ठेवण्याचे काम मात्र निवांतपणी करावे. निवांतपणा काही आला नाही. लिंक पन्नास दिवसांच्या मुदतीची होती, आणि हा बासष्टावा दिवस. थोरलीने लिंक दाबली तो समोर किल्ल्याचा दरवाजा बंद. दरवाजावर तिचेच नाव ठळक अक्षरांत, आणि खाली फर्मान की आत येणे असल्यास जकात भरणे. ती जकात पाहून तिचे डोळे पांढरे जाहले, तरी बाळांकडे पाहून तिने अभिमान गिळून कार्ड काढिले, आणि दरवाजाने ते कार्ड तीनदा नाकारिले, आणि चौथ्यांदा बँकेनेच संशय धरून कार्ड बंद केले.

येथे मागील वर्तमान सांगणे प्राप्त आहे. लेख स्वीकारला तेव्हा किल्लेदाराने, म्हणजे मासिकाच्या प्रकाशकाने, दोन वाटा दाखविल्या होत्या. लेख सर्वांस खुला ठेवणे असेल तर लेखकाने नजराणा द्यावा; तो आकडा ऐकून विद्यापीठाचा हिशेबनीस आधी हसला आणि मग खोकला. नजराणा देणे नसेल तर लेखाचे समस्त हक्क किल्लेदारास लिहून द्यावे, आणि मग किल्लेदार तो लेख लोकांस विकील. थोरलीने एका हातात चहा धरून दुसऱ्या हाताने "मान्य" हे बटण दाबिले. करार एकोणीस पानी होता. तो आजवर कोणा विद्वानाने वाचल्याची नोंद दफ्तरी नाही. तेव्हा संशोधनास पैसा रयतेचा, आकडे परिचारिकेचे, लिहिणे थोरलीचे, तपासणी इतर विद्वानांची फुकटची, आणि मालकी किल्लेदाराची, ऐसा तो चोख बंदोबस्त होता.

मंगळवारी थोरल्या बाईसाहेब कुमक मागावयास खाशा ग्रंथपालांकडे गेल्या. ग्रंथपालांनी त्यांस बसविले, पंखा लावून दिला, आणि मग हात वर केले.

"बाई, ते मासिक घेणं आपण तीन महिन्यांपूर्वी बंद केलं. एकटं देतच नाहीत ते. एक हवं तर चाळीसचा गठ्ठा घ्या म्हणतात. त्यातलं एक मेंढ्यांच्या खुरांवर आहे. आपल्या विद्यापीठात मेंढी आहे का, तुम्हीच सांगा."

थोरलीने मेंढी नसल्याचे कबूल केले आणि तो मोर्चा उठविला.

बुधवारी तिने थेट किल्लेदाराच्या दरबारी खलिता धाडिला की, लेख माझाच आहे, मजला एक प्रत मिळावी. सात अंकी क्रमांक देऊन जबाब तत्काळ आला, कारण तो कोणा माणसाने लिहिलाच नव्हता. जबाबात हुकूम ऐसा की प्रत हवी असल्यास मूळ लेखकाकडे अर्ज करणे. आणि दरबाराने कृपाळू होऊन तिचा अर्ज परस्पर मूळ लेखकाकडे रवानाही केला, आणि मग एका पळात थोरलीस थोरलीचाच अर्ज पोचला. त्यात तिने स्वतःस अत्यंत अदबीने विनंती केली होती. ती आधी हसली, आणि मग तिला रागाने रडू कोसळले, आणि तिने चष्मा काढून टेबलावर आपटला. तीनपैकी एक चष्मा तेथे कामास आला.

गुरुवारी सकाळी त्याच दरबारातून दुसरा खलिता आला. मजकूर गोड: आपण या विषयातील थोर जाणकार, सबब सोबतचा नवा लेख दहा दिवसांत तपासून द्यावा. मेहनताना काही नाही. इस्पितळातले डॉक्टर, विद्यापीठातले प्राध्यापक, सारे ही वेठ वर्षानुवर्षे मान खाली घालून करीत आले, आणि वर तिला मान समजत आले, थोरलीही त्यांतलीच. ती नकार लिहावयास बसली, आणि तोच तिची नजर तळच्या बारीक अक्षरांवर गेली. लिहिले होते की जो कोणी हे काम पत्करील त्यास मासिकाचे सर्व दरवाजे तीस दिवस खुले राहतील.

मालकिणीस मुख्य दरवाजातून मज्जाव, आणि वेठबिगार होऊन आली तर दिंडी दरवाजातून खुशाल आत. थोरलीने दात आवळून "मान्य" दाबिले, यावेळी दोन्ही हात मोकळे ठेवून, आणि दिंडी उघडली, आणि ती किल्ल्यात शिरली, आणि अकराच्या अकरा पाने काबीज केली. मग विभागाच्या प्रिंटरने पाचव्या पानावर दगा केला. त्यास दोनदा बंद करून, एकदा बुक्की हाणून शरण आणिले.

शुक्रवारी दहा वाजता थोरली जातीने वॉर्डात दाखल जाहली. धाकटीने हात धुऊन कागद घेतले आणि उभ्या उभ्या आलेख पाहिला. छापलेला लेख ती आज प्रथमच पाहत होती.

"हा अगदी खालचा ठिपका दिसतोय ना? हे बाळ मला आठवतं. याच्या आईला शुद्ध नव्हती. दिवसभर मीच छातीशी धरलं होतं." मग शेवटचे पान उलटून ती म्हणाली, "इथे 'परिचारिकांचे आभार' लिहिलंयस. माझं नाव नाही घातलंस?"

"त्यांच्या नियमात बसत नव्हतं गं."

"असू दे," धाकटी म्हणाली, आणि थोरलीस तोंड लपवावयास जागा उरली नाही. साऱ्या मोहिमेत तिला खरा घाव लागला तो हा.

अकरा वाजता दरबार भरला. मोठ्या डॉक्टरांनी कागद हाती घेतला, वरचे मासिकाचे नाव वाचले, पान काही उलटले नाही, आणि फर्माविले, "हां, हे मासिक चांगलं आहे. करा सुरू." चार दिवसांच्या युद्धाचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला, आणि मग मंडळी पार्किंगच्या विषयाकडे वळली आणि तेथे पाऊण तास निकराने लढली.

शनिवारी सकाळी वॉर्डात एक मुलगी जन्मली. तिला कोरडी पुसून, गुंडाळून आईजवळ दिली; आंघोळ घातली नाही.

ऐसी फत्ते जाहली, ती लिहून ठेविली असे. किल्ला घेतला म्हणावे, तर किल्ला आहे तेथेच आहे, जकातही तीच आहे, आणि थोरल्या बाईसाहेब दिल्या शब्दास जागून किल्लेदाराचा लेख फुकट तपासीत बसल्या आहेत. तो लेख अशाच दुसऱ्या कोणा वॉर्डाचा आहे, आणि तेथील परिचारिकांस तो वाचावयास मिळणार नाही. शनिवारची ती मुलगी तेवढी ऊबदार आहे. दूध पिऊन झोपली.